आधी मानधन, मग मंडप

आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी सावंतवाडीत परिसरातील लोककलांचा मेळा भरवायचे ठरवले, तेव्हा पहिल्या बैठकीत फळ्यावर एक कच्चे अंदाजपत्रक मांडले गेले. मंडप, ध्वनिव्यवस्था, रोषणाई, फलक, पाहुण्यांचे सत्कार अशी त्यातील क्रमवारी होती आणि कलावंतांचे मानधन सर्वांत खालच्या ओळीत, 'देणग्या जमतील त्याप्रमाणे' या शेऱ्यासह लिहिलेले होते. वाणिज्य शाखेच्या द्वितीय वर्षातील एका विद्यार्थिनीने ती ओळ पुसून सर्वांत वर लिहिली आणि शेरा खाली मंडपाच्या समोर नेला. या मेळ्याच्या नियोजनात पुढे जे काही चांगले घडले, त्याचे मूळ मला या एका बदलात दिसते. मानधनाचा आकडा आधी निश्चित झाल्यामुळे मेळा केवढा असावा, तो किती वेळ चालावा आणि कशावाचून भागेल, हे प्रश्न आपोआप योग्य क्रमाने पुढे आले.

सिंधुदुर्गात असा मेळा भरवण्यासाठी कलांची वाण नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे आणि खेळणी विकणारी दुकाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. राजवाड्यात आजही कारागीर बसून गंजिफा, म्हणजे खेळायची गोल पाने, रंगवतात. जवळजवळ लोपलेली ही गंजिफाकला सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी प्रयत्नपूर्वक पुन्हा उभी केली. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातील कुटुंबांनी चित्रकथी (चित्रे दाखवत कथा गाऊन सांगणे), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ जपला आहे, तर दशावतार हे लोकनाट्य जिल्ह्यातील गावोगावच्या जत्रांचा अविभाज्य भाग आहे. आमचे बहुतेक विद्यार्थी याच गावांतून येतात आणि काहींच्या घरातच दशावतारी कलावंत आहेत. त्यामुळे 'कलावंतांपर्यंत पोहोचणे' हा शब्दप्रयोग इथे फारसा लागू होत नाही. कलावंत कुणाचे तरी काका असतात, कुणाचे शेजारी असतात. अडचण ओळखीची नव्हती. ओळख आहे म्हणून त्यांचे काम फुकट गृहीत धरण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती खरी अडचण होती.

सर्वाधिक वेळ तारीख ठरवण्यात गेला, आणि तो जाणे योग्यच होते. विद्यार्थ्यांनी एका मोठ्या कागदावर कालनिर्णय शेजारी ठेवून वर्षाचा तक्ता आखला. पावसाळ्यात दशावतारी मंडळींना तुलनेने सवड असते, पण कोकणातल्या पावसात मोकळ्या मैदानावर कागदावरची चित्रे कोण मांडणार? आषाढ-श्रावणात मूर्तिकार गणपतीच्या शाळांत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कार्यशाळांत, गुंतलेले असतात, नवरात्रात चित्रकथी सादर करणाऱ्यांची देवळांतील परंपरागत सेवा असते, आणि कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू झाला की दशावतारी मंडळे रोज रात्री वेगळ्या गावात असतात. त्यातच ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हे महिने परीक्षांनी व्यापलेले. उरला तो जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी. तिथेही आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा होती. तिची तारीख पंचांगातील तिथीला बांधलेली नसते, ती देवीच्या कौलाने ठरते आणि मगच जाहीर होते. त्या जत्रेला आसपासचे सारे लोटते, दुकाने मांडणारे कारागीरही तिकडेच जातात. म्हणून आमच्या समितीने आंगणेवाडीची तारीख जाहीर होईपर्यंत मैदानासाठी नगरपरिषदेकडे अर्जच केला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ही दिरंगाई वाटली असती, परंतु माझ्या मते संपूर्ण नियोजनातील हा सर्वांत शहाणा निर्णय होता, कारण दिनदर्शिका महाविद्यालयाची न मानता कलावंतांची मानली गेली.

दुसरा मोठा धडा पिंगुळीने दिला. समितीच्या आराखड्यात उंच रंगमंच, समोर खुर्च्यांच्या रांगा आणि चित्रकथीसाठी वीस मिनिटांचा वेळ, असे सगळे आखलेले होते. तो आराखडा घेऊन विद्यार्थ्यांचा एक गट पिंगुळीला गेला. 2021 मध्ये पद्मश्रीने सन्मानित झालेल्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात उभारलेले ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय विद्यार्थ्यांनी पाहिले, आणि चित्रकथीच्या पोथ्यांचा आकार प्रत्यक्ष पाहिल्याबरोबर रंगमंचाची कल्पना तिथेच गळून पडली. चित्रकथीतील एकेक चित्र साधारण फूट-सव्वा फुटाचे असते. कथेकरी ते हातात किंवा समोर धरून कथेतला तो प्रसंग गातो, सांगतो, आणि प्रसंग संपला की पुढचे चित्र वर येते. वीणा, टाळ आणि हुडूक हे छोटे तालवाद्य यांची साथ असते. दहाव्या रांगेतल्या खुर्चीवरून त्या चित्रातील रेषा दिसणारच नाही, आणि रेषा दिसली नाही तर ते केवळ गाणे उरते. मोठ्या पडद्यावर चित्र दाखवण्याची सूचना एकाने केली होती, पण गटाने ती स्वीकारली नाही, याचा मला आनंद वाटला. पडद्यावर चित्र दिसले असते, मात्र सांगणाऱ्याचा हात, त्याची नजर आणि चित्र यांचे एकमेकांशी असलेले नाते तुटले असते. अखेर मैदानाच्या एका कडेला, झाडाखाली, सतरंज्या अंथरून चाळीस-पन्नास माणसे बसतील एवढीच बैठक केली आणि एकच आख्यान संध्याकाळी दोनदा ठेवले. रंगमंचाचे वाचलेले पैसे वाहतुकीकडे वळले.

वाहतुकीचा विषयही त्याच भेटीत निघाला. आमंत्रणाविषयी सविस्तर बोलून झाल्यावर तिथल्या एका वयस्कर वादकांनी शांतपणे विचारले, "रातीचा घराक कसा जावचा, ता पयला सांगा." विद्यार्थ्यांच्या यादीत येण्याची सोय होती, परतीची नव्हती. त्या दिवसापासून यादीत प्रत्येक कलावंताच्या नावापुढे मानधन, येणे, जाणे, जेवण आणि सोबत येणाऱ्यांची संख्या असे रकाने आले आणि एक विद्यार्थी केवळ परतीच्या गाड्यांसाठी जबाबदार राहिला.

कामाची वाटणी शाखांनुसार झाली नाही, हेही नोंदवण्यासारखे आहे. हिशेब वाणिज्यच्या मुलांकडे आणि फलकांची भाषा मराठी विभागाकडे, असा सरळ मार्ग उपलब्ध होता, पण विद्यार्थ्यांनी प्रत्येक कलेसाठी मिश्र गट केले. परिणामी विज्ञान शाखेचा विद्यार्थी आख्यानाच्या कथेची टिपणे काढत होता आणि साहित्याची विद्यार्थिनी व्हाउचरवर सह्या घेत होती. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना वर्षाकाठी 120 तासांचे काम करायचे असते. ते तास अनेकदा साफसफाई आणि फेऱ्यांमध्ये संपतात. इथे ते गावोगावच्या भेटींना, मुलाखतींना आणि मांडणीला मिळाले. सभांमध्ये मतभेद पुष्कळ झाले. त्यातला सर्वांत तीव्र वाद कारागिरांकडून जागेचे भाडे घ्यावे की नाही, यावर होता. भाडे घेऊ नये आणि विक्रीवर टक्केवारीही लावू नये, असे बहुमताने ठरले. क्यूआर कोड प्रत्येक कारागिराच्या स्वतःच्या खात्याचा लावला गेला, आणि ज्यांच्याकडे ती सोय नव्हती त्यांच्याजवळ सुट्या पैशांची पिशवी घेऊन एक विद्यार्थी बसला.

गंजिफांच्या दालनाविषयी थोडे अधिक लिहिल्यावाचून राहवत नाही. दशावतारी गंजिफांचा संच 120 पानांचा असतो, म्हणजे दहा अवतारांची प्रत्येकी बारा पाने: राजा, प्रधान आणि एक ते दहा. पाने गोल असतात. जुन्या पद्धतीत चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवून पाने तयार करीत आणि रंगवून झाल्यावर त्यांवर लाखेचा लेप चढवीत. सुरुवातीला विद्यार्थी हे संच काचेच्या पेटीत मांडणार होते, पण मग त्यांच्या लक्षात आले की जो खेळ कुणाला खेळता येत नाही, त्याचे पान केवळ शोभेची वस्तू होऊन बसते. म्हणून गटातील चौघांनी नियम शिकून घेतले. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने आणि रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने डाव सुरू करायचा. राजा-प्रधानाखालच्या पानांचा चढता-उतरता क्रम अर्ध्या अवतारांत एक आणि उरलेल्या अर्ध्यांत त्याच्या उलट. मेळ्यात एका चटईवर दिवसभर डाव चालू राहिला. चितारआळीसमोरून रोज जाणारी मुले तिथे प्रथमच गंजिफा खेळली आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर डाव कृष्णाने सुरू होतो, यावर आपसांत हुज्जत घालू लागली.

दशावताराच्या बाबतीत मात्र तडजोड करावी लागली. जत्रेतला प्रयोग रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. आमच्या मैदानावर रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नव्हता. राज्य शासन वर्षातील ज्या मोजक्या दिवशी ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करते, त्यांत आमचा दिवस नव्हता. मंडळाशी बोलून प्रयोग संध्याकाळी लवकर सुरू केला आणि आख्यान आटोपशीर ठेवले, पण गणपती, सरस्वती आणि संकासुराचा आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा भाग, जसाच्या तसा राहील, अशी मंडळाची अट होती आणि ती पाळली गेली. संवाद लिहिलेले नसतात, पात्रे ते उभ्या-उभ्या रचतात. त्यामुळे आख्यान किती लांबवायचे आणि कुठे आवरायचे, हे त्या कलावंतांच्या हाती असते आणि ते त्यांना नेमके साधते. रंगपटासाठी शेजारच्या शाळेची खोली मिळाली. तिथे कलावंत स्वतःचा चेहरा स्वतः रंगवताना पाहायला विद्यार्थ्यांना परवानगी होती, मात्र त्यांनी छायाचित्रे काढायची नाहीत असे ठरले होते.

छायाचित्रांचा हाच प्रश्न आता पुढच्या वर्षाच्या समितीपुढे आहे. चित्रकथीच्या दोन्ही सादरीकरणांचे चित्रीकरण कलावंतांच्या तोंडी संमतीने झाले आहे, परंतु त्या चित्रफिती सर्वांना पाहता येतील अशा ठिकाणी ठेवाव्यात का, ठेवल्यास त्यांवर कुणाचे नाव असावे आणि कुणी त्यांचा व्यापारी वापर केल्यास पैसे कुणाला मिळावेत, हे तोंडी ठरण्यासारखे नाही. विद्यार्थ्यांनी साध्या मराठीत एका पानाचे संमतिपत्र लिहिले असून त्याचा मसुदा पिंगुळीतील मंडळींकडे वाचायला दिला आहे. त्यांच्या दुरुस्त्या येईपर्यंत चित्रफिती महाविद्यालयाच्या संगणकावरच राहतील.