रंगकामानंतर बसणारी बॅटरी

रंगकाम झालेली जुनी गाडी इलेक्ट्रिकची तक्रार घेऊन आली की मी आधी अर्थिंग बघतो, म्हणजे करंटला चासीतून बॅटरीच्या मायनसकडे परत जायची वाट. ही सवय लावली कराडच्या एका सरांच्या गाडीने.

गाडी २००६ची, दीडशे सीसी. सरांनी हौसेने सगळी उघडून चासीला पावडर कोटिंग करून घेतलेलं. दिसायला नवी कोरी, पण तेव्हापासून बॅटरी बसायची. सकाळी सेल्फ नुसता टक् टक्, हॉर्नचा घसा बसलेला. दुसऱ्या गॅरेजात बॅटरी बदलून झाली, बॅटरीला बेताने चार्ज देणारा रेग्युलेटरही बदलून झाला. आता म्हणे इंजिन फिरताना वीज तयार करणारी कॉईल प्लेट जळाली असणार. म्हणजे डावं कव्हर उघडा, गॅस्केट, ऑइल, वर कॉईलचे पैसे.

"मिस्त्री, टाकायचीच असेल तर टाका, पण हा शेवटचा खर्च," सर म्हणाले.

बॅटरी फुल चार्ज करून मीटर लावला. बंद गाडीवर १२.६, रेस देऊनही १२.८. तिथे १४च्या आसपास दिसायला हवं. कॉईलचा कपलर सोडवून तिन्ही पिवळ्या वायरी दोन-दोन करून एसीवर बघितल्या. रेसबरोबर तिन्ही जोड्यांत व्होल्ट सारखेच चढत होते, पन्नाशीच्या पुढे. बॉडीला शॉर्टही नाही. कॉईल ठणठणीत! कव्हर उघडायचा प्रश्नच मिटला.

कपलर जोडून गाडी पुन्हा चालू केली. रेग्युलेटरच्या लाल वायरीपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत ड्रॉप, म्हणजे वाटेत वाया जाणारे व्होल्ट, ०.१. ठीक. मग मीटरचं एक टोक रेग्युलेटरच्या बॉडीला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला टेकवलं. १.५ व्होल्ट. इथे ०.२च्या आत हवा.

या रेग्युलेटरला अर्थची वेगळी वायर नाही. त्याची ॲल्युमिनियमची बॉडी दोन बोल्टांनी चासीला आवळलेली, तोच अर्थ. आणि पावडर कोटिंगमधून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम करंट निघत होता. रेग्युलेटर बिचारा आपल्या बॉडीच्या हिशेबाने १४.४ चोख देत होता. त्यातले दीड व्होल्ट त्या बोल्टांपाशीच खर्ची पडत होते. नवा रेग्युलेटर बसवून फरक पडणार कसा?

बोल्ट काढले तर आट्यांतसुद्धा काळी पावडर जाम. आटे साफ करायला टॅप फिरवला. मग पॉलिश पेपर घेऊन चासीवरचा रंग घासायला लागलो, तेव्हा सरांनी तोंड फिरवलं. रुपयाएवढा पत्रा उघडा केला, बोल्टखाली थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, घालून एक जाड वायर थेट बॅटरीच्या मायनसला नेली, वरून ग्रीस. रेस दिली, १४.३. हेडलाइट लावला तरी १३.९.

सरांनी पिशवीतून जुना रेग्युलेटर काढला. तोही लावून बघितला. १४.२.

"म्हणजे हा चांगलाच होता?"

"चांगला होता."

"मग नव्याचं काय करू?"

इलेक्ट्रिकलचा माल दुकानदार सहसा परत घेत नाहीत. स्पेअर म्हणून ठेवा म्हटलं. सर थोडा वेळ गाडीकडे बघत राहिले, मग स्वतःच पॉलिश पेपर पुढे केला. "इग्निशन कॉईलच्या बोल्टखालीही घासून टाका."