मदतीपर्यंतचे अंतर

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगातील दर तीन स्त्रियांपैकी जवळपास एकीला आयुष्यात कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागते. खेड्यातल्या बाईला मात्र मदतीपर्यंत पोहोचणेच अवघड जाते, कारण दिवसातून एकदोनदा येणाऱ्या बसमध्ये सगळे ओळखीचेच असतात आणि घरातल्या एकुलत्या एक फोनवर लावलेला क्रमांक मागे राहतो. म्हणून मला मनापासून वाटते, की मदत तिच्या नेहमीच्या वाटेवरच असावी: बाळाला लस टोचून घ्यायला ती आरोग्य केंद्रात येईल तेव्हा परिचारिकेने दार लोटून तिच्याशी एकटीशी बोलावे, आणि हेल्पलाइनचा क्रमांक स्त्रियांच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावावा. त्याचा कागद तिच्या हाती देण्याआधी तिला जरूर विचारावे. तो घरी सापडला, तर मार तिलाच बसतो.