एक माल्ट, एक हॉप

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय घरी बीअर तयार करता येत नाही. त्यामुळे माझे प्रयोग पुण्यातील एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीच्या लहान भांड्यात, तेथील ब्रुअर मित्राच्या देखरेखीखाली चालतात. बीअर समजून घ्यायची असेल, तर सुरुवात एकच माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) आणि एकच हॉप (बीअरला कडवटपणा व गंध देणारी वेलीची फुले) घेऊन करावी, असे माझे ठाम मत आहे. गोडा मसाला घातलेल्या आमटीत डाळीचा कमीपणा लपून जातो, साध्या वरणात लपत नाही. या बीअरचेही तसेच आहे.

आम्ही मॅरिस ऑटर हे इंग्लंडमधील बार्लीचे माल्ट आणि कॅस्केड हे हॉप निवडले. कॅस्केड अमेरिकेतील ओरेगन राज्यात विकसित झाले आणि १९७२ मध्ये लागवडीसाठी खुले करण्यात आले. त्याला ग्रेपफ्रूट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीसारखा व फुलांसारखा गंध असतो आणि त्यातील अल्फा आम्लांचे, म्हणजे कडवटपणा देणाऱ्या घटकांचे, प्रमाण मध्यम असल्यामुळे कडवटपणा व सुगंध ही दोन्ही कामे त्या एकाच हॉपकडून करून घेता येतात. वीस लिटर बीअरसाठी सुमारे चार किलो माल्ट पुरते. भरडलेले माल्ट ६६ अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर पाण्यात ठेवले की त्यातील विकरे स्टार्चचे साखरेत रूपांतर करतात. तापमान दोन-तीन अंशांनी खाली राहिले तर बीअर कोरडी (कमी गोड), पातळ होते आणि वर गेले तर भरीव लागते. दुसरे माल्ट नसल्याने हा फरक थेट जिभेला कळतो.

खरी गंमत मात्र हॉप केव्हा घालायचे यात आहे. गाळलेला गोड रस, म्हणजे वर्ट, उकळू लागताच घातलेले हॉप तासभर उकळते, त्यातील अल्फा आम्लांची रचना बदलून कडवटपणा येतो, पण सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जातात. तेच हॉप आच बंद करताना घातले तर कडवटपणा थोडाच उतरतो आणि गंध टिकतो. आम्ही पंचवीस ग्रॅम सुरुवातीला आणि तीस ग्रॅम शेवटच्या पाच मिनिटांत घातले. एकाच वेलीच्या फुलांचे हे दोन स्वभाव एकाच पेल्यात ओळखता येणे मला फार मोलाचे वाटते, आणि तीन-चार जातींची हॉप्स एकत्र घातल्यावर ते जवळजवळ अशक्य होते.

पुण्याच्या हवेत जपायचे ते वर्टमधील साखरेचे मद्य करणाऱ्या यीस्टला. एल (ale) या प्रकारच्या बीअरसाठीच्या यीस्टला १८ ते २० अंश मानवतात आणि आपल्या उन्हाळ्यात थंडाव्याची सोय नसेल, तर किण्वनातून येणारे फळांसारखे व तीव्र गंध हॉपवर मात करतात. मग आपण चाखतो आहोत ते कॅस्केड की यीस्ट, हेच सांगता येत नाही. पुढच्या वेळी माल्ट, पाणी, यीस्ट आणि वेळा अगदी याच ठेवून फक्त कॅस्केडच्या जागी चेक प्रजासत्ताकातील झाट्स (Saaz) हे हॉप घ्यायचे, असे आम्ही ठरवले आहे. त्यात अल्फा आम्ले कमी असल्यामुळे सुरुवातीचे प्रमाण तेवढे वाढवावे लागेल.