क्लाउड चेंबर: उणे ३१ अंश, आणि अखेर ‘व्ही’ दिसला

काल रात्री साडेअकराला माझ्या क्लाउड चेंबरची प्लेट उणे ३१ अंशांवर गेली! (क्लाउड चेंबर म्हणजे अल्कोहोलच्या वाफेचा बंद डबा; त्याच्या थंडगार प्लेटवरून किरणोत्साराचा कण गेला की मागे धुक्याची रेघ, म्हणजे माग, उमटतो.) तीन आठवडे ती उणे १७ वर अडून बसली होती, हे मागच्या दोन नोंदींत आलंच आहे. तिथे नुसतं धुकं पडायचं, माग एकही नाही.

काय काय करून झालं होतं? ९९ टक्क्यांचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणलं, ते शोषून धरणारं फेल्ट दोनदा बदललं, डब्याची खालची कड क्लेने लिंपली, थर्मल पेस्ट खरवडून नव्याने लावली. मग संशय पेल्टियरवर गेला, म्हणजे वीज दिली की एका बाजूची उष्णता खेचून दुसऱ्या बाजूला टाकणाऱ्या, प्लेटखालच्या चकत्यांवर. एका ऑनलाइन विक्रेत्याने १२७०६ (६ अँपिअरचं मॉडेल) म्हणून पाठवलेली जोडी १२ व्होल्टला जेमतेम ३ अँपिअर घेत होती. ती ठेवून दिली आणि बुधवार पेठेतून दुसरी आणली, दुकानातच मीटर लावून पाहून. पेल्टियर असेच घ्यावेत असं माझं मत झालं आहे. तरीही प्लेट उणे १७!

चूक जोडणीत होती. एकावर एक ठेवलेल्या जोडीत खालच्याला वरच्याने खेचलेली उष्णता बाहेर टाकायची असतेच, पण वरचा जी वीज खातो तीही उष्णता होऊन खालच्याच्याच अंगावर येते. मी दोन्ही १२ व्होल्टवर चालवत होते, म्हणजे पन्नासेक वॅट खालच्याच्या डोक्यावर नाहक ओतत होते. कॉम्प्युटरच्या जुन्या एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या डब्यावर) वरच्या पेल्टियरची तार पिवळीवरून काढून लालवर लावली, १२ ऐवजी ५ व्होल्ट. काटा लगेच हलला: उणे २०, २४, २८. वीज कमी केली आणि गारवा वाढला!

मग लाल टोकाची टिग वेल्डिंगची काडी आत ठेवली. तिच्यात २ टक्के थोरियम ऑक्साइड असतं आणि थोरियम किरणोत्सारी आहे. (काडी घासू नका, तिची धूळ श्वासात जाता कामा नये.) टोकापासून आखूड, जाड, कापसाच्या वातीसारखे अल्फा कणांचे (हीलियमच्या अणुकेंद्रांचे) माग फुटायला लागले. वैश्विक किरणांमुळे येणारा एक म्युऑन कणही सरळ रेघ ओढून गेला.

गॅसबत्तीची न पेटवलेली, थोरियम असलेली जाळी बंद प्लास्टिकच्या बाटलीत दोन दिवस ठेवली होती. त्या बाटलीतली हवा नळीने आत सोडली. त्या हवेत थोरियमपासून तयार होणारा थोरॉन वायू असतो, म्हणजे रेडॉन-२२०, अणुक्रमांक ८६. तो अल्फा टाकून ८४ चा पोलोनियम होतो आणि तो पोलोनियम सुमारे ०.१५ सेकंदात अल्फा टाकून ८२ चं शिसं होतो. मोबाइलचा व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला: आधी एक भुजा उमटली, चार फ्रेमनंतर त्याच बिंदूतून दुसरी, आणि झाला ‘व्ही’! आवर्तसारणीतल्या दोन उड्या चार सेंटिमीटरच्या प्लेटवर दिसल्या. तो तुकडा मी किती वेळा पाहिला याची गणती नाही.

पुढे चुंबक बसवून बीटा कणांचे (इलेक्ट्रॉनचे) माग वळवायचं ठरलं होतं. पण हे लिहितानाच वाटतंय, थोरॉनचं अर्धायुष्य (त्याचे निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ) सुमारे ५६ सेकंद आहे, ते मागांवरूनच मोजता येईल. हवा सोडल्यावर दर १० सेकंदांचे माग मोजायचे, आलेख काढायचा. काडी मात्र आधी बाहेर काढायला हवी, नाहीतर तिचे माग मोजणीत मिसळतील. चुंबक थांबेल. बाटलीचं बूच घट्ट लावून ठेवलं आहे, दहा मिनिटांत थोरॉन पुन्हा पुरेसा साठतो. आज रात्री पहिली मोजणी.