भरपाई मिळाली, औषधाचं काय? वॉशिंग्टनला जाऊन आले, माझा अनुभव

माझा मुलगा अमेरिकन आर्मीत होता, अफगाणिस्तानात बग्रामला. तिथे तळावरचा सगळा कचरा म्हणजे प्लास्टिक, बॅटऱ्या, दवाखान्यातलं सामान, सगळं उघड्या खड्ड्यात टाकून पेटवायचे, बर्न पिट म्हणतात त्याला. आज चाळिशीसुद्धा झाली नाहीये त्याची आणि दोन जिने चढला की भिंतीला टेकून उभा राहतो. एक्सरे क्लिअर, सीटी स्कॅनमध्ये पण विशेष काही नाही, शेवटी फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासला तेव्हा कळलं की सगळ्यात बारीक श्वासनळ्या आतून व्रण पडून आवळत चालल्यात. कन्स्ट्रिक्टिव्ह ब्रॉन्कियोलायटिस. त्या परत मोकळ्या होतील असं औषध नाही.

10 ऑगस्ट 2022 ला पॅक्ट अ‍ॅक्टवर सही झाली, म्हणजे अशा विषारी धुरामुळे आजारी पडलेल्या माजी सैनिकांना भरपाई देणारा कायदा, त्यात हा आजार आहे, त्यामुळे त्याचा क्लेम मंजूर झाला, महिन्याला पैसे यायला लागले. मला वाटलं सुटलो. पण पैशानं श्वास येत नाही ना. आम्ही न्यू जर्सीत राहतो, इथे ईस्ट ऑरेंजलाच बर्न पिटच्या धुराचा अभ्यास करणारं सरकारी केंद्र आहे, त्याबद्दल वाचता वाचता कळलं की भरपाईचा पैसा वेगळा आणि संशोधनाचा वेगळा. माजी सैनिकांच्या सरकारी खात्याच्या बजेटमध्ये संशोधनासाठी मेडिकल अँड प्रोस्थेटिक रिसर्च अशी स्वतंत्र ओळच असते. 2023 ला 91 कोटी 60 लाख डॉलर, 2024 ला 94 कोटी 30 लाख. ऐकायला मोठी रक्कम वाटते पण वाढ जेमतेम 3 टक्के, ती तर महागाईतच गेली.

हा संशोधनाचा पैसा वाढवा म्हणून पहिल्या वर्षी मी जूनमध्ये आमच्या खासदारांना पत्र पाठवलं, छान उत्तर आलं आणि पुढे काहीच नाही. नंतर माजी सैनिकांच्या संघटनेतल्या एका काकांनी सांगितलं, अहो ताई, सरकारचं आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं खरं पण खासदार आपल्या मागण्या खर्च ठरवणाऱ्या उपसमितीकडे वसंत ऋतूतच देऊन टाकतात, आणि प्रत्येक ऑफिसचा त्यासाठी आपापला फॉर्म असतो, शेवटची तारीख असते. हे कोणी आधी सांगत नाही!

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीपासूनच मागे लागले. ऑफिसला फोन करून माजी सैनिकांचं काम कोण बघतं ते विचारून घेतलं आणि त्याच स्टाफरची वेळ मागितली. भेट झाली वॉशिंग्टनला, खासदारांची ऑफिसं असतात त्या रेबर्न बिल्डिंगमध्ये, कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या, पंधरा मिनिटं. त्यातली दहा मी मुलाबद्दलच बोलले. ती स्टाफर मुलगी पंचविशीची असेल, नीट ऐकत होती, मग म्हणाली, मला कुठल्या खात्यात किती हवेत तेवढं सांगा. तेव्हा कागद दिला, एकच पान, वर खात्याचं नाव, खाली संघटनांनी मिळून ठरवलेला आकडा.

तिनं विचारलं, याचा फायदा फक्त सैनिकांनाच होतो का? मी ब्रॉन्क्सचं उदाहरण दिलं. तिथल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलमध्ये रोझलिन यालो यांनी रक्तातलं इन्शुलिन मोजायची पद्धत शोधली, 1977 ला त्यांना नोबेल मिळालं, आणि आज मी दर सहा महिन्यांनी थायरॉईडची टेस्ट करते ती त्याच कामातून पुढे आलेली आहे. हे मात्र तिनं लिहून घेतलं.

त्या ऑफिसनं मागणी पुढे पाठवली. मागितलं तेवढं मिळालं नाही, म्हणून यंदा पुन्हा जायचंय. मुलगा आधी म्हणत होता, आई, तू कशाला एवढी दगदग करतेस, पण आता तोच येतोय बरोबर. रेबर्नमध्ये लिफ्ट कुठे आहे ते मी मागच्याच खेपेला बघून ठेवलंय.