काळाराम, दांडी आणि राष्ट्राची स्मृती

१२ जानेवारी २०२४ रोजी राष्ट्रीय युवा महोत्सवाच्या उद्घाटनासाठी नाशिकला आलेल्या पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पंचवटीतील काळाराम मंदिरात दर्शन घेतले आणि मंदिराच्या आवारात स्वतः साफसफाई केली. दहा दिवसांनी, अयोध्येत प्राणप्रतिष्ठा झाली त्याच दिवशी, उद्धव ठाकरे यांनी याच मंदिरात आरती केली. शहरात त्यावर बरीच चर्चा झाली, पण ती कोणाला किती मते मिळतील यापुढे फारशी सरकली नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली ज्या मंदिराच्या बंद दरवाजांसमोर अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, तेच हे मंदिर, याचा उल्लेख झाला तो ओझरताच.

राष्ट्र काय लक्षात ठेवते आणि काय बाजूला सारते, हा माझ्या मते ‘नागरी धर्मा’चा प्रश्न आहे. ही कल्पना रूसोची. १७६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सामाजिक करार’ या ग्रंथाच्या अखेरीस त्याने अशी मांडणी केली, की राज्य टिकायचे असेल तर नागरिकांमध्ये काही मोजक्या समान श्रद्धा हव्यात आणि त्यांत कराराचे व कायद्यांचे पावित्र्यही हवे. दोनशे वर्षांनी, १९६७ मध्ये, अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बेला यांनी केनेडींच्या १९६१ च्या शपथविधीच्या भाषणाचा आधार घेऊन दाखवले, की तिथे ईश्वराचा उल्लेख तीनदा येतो, ख्रिस्ताचा मात्र एकदाही नाही. अमेरिकेला चर्चपासून वेगळी अशी स्वतःची पवित्र वचने, हुतात्मे, सण आणि विधी आहेत. बेला यांचे पुढचे म्हणणे सहसा सांगितले जात नाही. नागरी धर्म म्हणजे राष्ट्राने स्वतःचीच आरती ओवाळणे नव्हे, तर राष्ट्राहून मोठ्या अशा एखाद्या नैतिक तत्त्वापुढे राष्ट्राला जाब द्यायला लावणे, असे त्यांना म्हणायचे होते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात लिहिणाऱ्या माणसाला हा फरक कळीचा वाटला, यात नवल नाही.

हा फरक ध्यानात ठेवून १९३० च्या मार्च महिन्याकडे पाहावे. काळाराम सत्याग्रह सुरू झाल्यानंतर दहाच दिवसांनी, १२ मार्चला, गांधीजी साबरमतीहून दांडीकडे निघाले. दोन्ही लढे अहिंसक होते, दोहोंत सामान्य माणसे लाठ्या खायला तयार होती. दांडीचा सत्याग्रह राष्ट्राच्या पुराणात गेला. २०१६ मध्ये चलनातून बाद झालेल्या पाचशेच्या नोटेच्या पाठीवर दांडीयात्रेचे चित्र होते, आणि १९२८ पासून नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापणाऱ्या आमच्या गावाला नोटेवरच्या चित्राचे वजन वेगळे सांगायला नको. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी कित्येक वर्षे चालवलेला काळारामचा लढा मात्र मंदिर खुले न होताच थांबला. आपल्या इतिहासलेखनात दांडी ‘स्वातंत्र्यलढा’ या प्रकरणात येते आणि काळाराम ‘समाजसुधारणे’च्या.

असे का व्हावे? दांडीच्या गोष्टीत दोषी असतो तो परका राज्यकर्ता, काळारामच्या गोष्टीत दोषी आपण असतो. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या अनंत कान्हेरे यांचे नाव आज शहराच्या मोठ्या मैदानाला आहे, आणि ते देताना कोणालाच मान खाली घालावी लागत नाही. २ मार्च हा राष्ट्रीय दिवस करायचा तर ज्यांनी दरवाजे बंद केले त्यांच्या वारसांनाही, म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांना, त्या दिवशी उभे राहून ते मान्य करावे लागेल. ती स्मृती आंबेडकरी समाजाने जिवंत ठेवली आणि बाकीच्यांनी ती त्यांचीच म्हणून सोडून दिली. १३ ऑक्टोबर १९३५ ची, याच जिल्ह्यातल्या येवल्याची धर्मांतराची घोषणा त्याच अनुभवातून आली, हेही आपण त्यांच्याच खात्यावर मांडतो.

संविधान सभेपुढे हा प्रश्न दुसऱ्या रूपाने आला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी हरि विष्णू कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ करावी, अशी दुरुस्ती मांडली. श्रद्धा ही व्यक्तिगत बाब आहे, ती इतरांवर लादू नये, असा आक्षेप हृदयनाथ कुंझरू यांनी घेतला. ४१ विरुद्ध ६८ मतांनी दुरुस्ती फेटाळली गेली. त्याच संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मात्र ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा असे दोन्ही पर्याय ठेवले गेले. ही तडजोड मला फार शहाणपणाची वाटते.

पुढे या मोकळीकीची परीक्षा केरळमध्ये झाली. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी, पण धर्मश्रद्धेमुळे ते न म्हणणारी तीन भावंडे १९८५ मध्ये शाळेतून काढली गेली. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. त्याच न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१६ रोजी चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचे केले आणि ९ जानेवारी २०१८ रोजी ती सक्ती मागे घेतली. मधल्या काळात प्रेक्षकांनी एकमेकांची देशभक्ती तपासण्याचे जे प्रकार झाले, त्यांत राष्ट्राला जाब विचारण्याचा अंशही नव्हता. होता तो शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला.

एक अडचण उरतेच. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा २५ नोव्हेंबर १९४९ रोजी देणाऱ्या बाबासाहेबांचीच आज सर्व पक्षांकडून भक्ती होते, आणि २०२४ च्या निवडणुकीत तर संविधानाची प्रतही प्रचारसभांत उंचावली गेली. पुतळ्याला हार घालणे सोपे असते, कारण पुतळा ‘दरवाजे कोणी बंद केले होते?’ असे विचारत नाही. तरीही नाशिकच्या शाळांनी १२ मार्चइतकाच २ मार्चही पाळावा, असे मला वाटते. त्या दिवशी भाषणे नसली तरी चालतील. सातवी-आठवीच्या मुलांना पंचवटीत नेऊन मंदिराच्या दरवाजाशी उभे करावे आणि तिथे काय झाले, कोणी अडवले, हे स्पष्टपणे सांगावे. पालकांकडून तक्रारी येतील, आणि मुख्याध्यापकांनी त्यांना उत्तर देण्याची तयारी आधीच ठेवावी.