पहिल्याला जोडीदार कुठून मिळाला?

उत्क्रांतीवर कुठेही बोललो की शेवटी एक हात वर येतोच. "नवी प्रजाती तयार झाली म्हणता, पण तिचा पहिला प्राणी जन्मला तेव्हा त्याच्यासारखं दुसरं कुणीच नव्हतं ना? मग त्याची जोडी जमली कुणाशी?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मला हा प्रश्न मनापासून आवडतो, कारण विचारणाऱ्याला खरी अडचण दिसलेली असते. पण प्राण्यांत असा 'पहिला' बहुधा नसतोच. प्रत्येक पिल्लू आपल्या आईबापांच्याच प्रजातीचं असतं. वेगळा होत जातो तो अख्खा गट, पिढ्यान्‌पिढ्या, आणि त्या गटात जोडीदारांची वाण कधीच नसते.

उत्तर अमेरिकेतल्या एका छोट्या फळमाशीचं उदाहरण मला फार जवळचं आहे. ही माशी मूळची हॉथॉर्न नावाच्या, छोट्या लाल फळांच्या काटेरी झाडावरची. युरोपातून आलेल्या लोकांनी तिकडे सफरचंदं लावली आणि 1860च्या दशकात तीच माशी सफरचंदांत सापडू लागली. तिचं आयुष्य पाहा. नर फळावर येऊन मादीची वाट बघतो, मिलन तिथेच, अंडं फळाच्या सालीखाली. अळी गर खात वाढते, फळ गळून पडलं की जमिनीत शिरून कोष करते आणि पुढच्या वर्षी माशी होऊन बाहेर येते. सफरचंद हॉथॉर्नच्या तीन-चार आठवडे आधी पिकतं, आणि माशी जगते जेमतेम महिनाभर. म्हणजे सफरचंदवाल्या माश्यांचा हंगाम उतरणीला लागतो तेव्हा हॉथॉर्नवाल्यांचा नुकता भरात येत असतो. शिवाय दोघींना ओढ आपापल्या फळाच्या वासाची. मध्ये डोंगर नाही, समुद्र नाही, तरी भेटी दुर्मीळ झाल्या. थोडी सरमिसळ अजून चालू आहे, त्यामुळे यांना दोन प्रजाती म्हणायची घाई मी करणार नाही. पण फाटा फुटताना दिसतोय, आणि दोन्हीकडे जोडीदार मुबलक आहेत.

जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर यांनी 1942 साली प्रजातीची व्याख्याच अशी केली: आपसांत प्रजनन करणारे आणि इतर गटांपासून प्रजननाने अलग असलेले गट. अलगपणा म्हटलं की सगळ्यांना आधी खेचर आठवतं. घोड्याची गुणसूत्रं, म्हणजे पेशीतले जनुकं वाहणारे धागे, 64, गाढवाची 62, खेचराची 63. ती नीट जुळत नाहीत आणि खेचर जवळजवळ नेहमीच वांझ निघतं. माझ्या मते या उदाहरणाला गरजेपेक्षा जास्त मान मिळतो. वेळ, वास, रंग, हाक यांच्या भिंती बहुतेकदा त्याआधीच उभ्या राहिलेल्या असतात.

मग संकर वांझ का होतात? दुरावलेल्या दोन गटांपैकी एकात एक जनुक बदलतं, दुसऱ्यात वेगळंच. आपापल्या घरी दोन्ही बदल सुखाने नांदतात. पण ते एकमेकांसोबत चालतात का, याची परीक्षा कधी झालेलीच नसते. ती होते थेट संकरित पिल्लाच्या शरीरात.

वनस्पतींत मात्र तुमचा तो 'पहिला' खरोखर सापडतो. ट्रॅगोपोगॉन नावाच्या रानफुलाच्या तीन युरोपीय प्रजाती अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात आणि शेजारच्या आयडाहोत पोचल्या. त्यांचे संकर बहुतांशी वांझ, कारण दोन्हीकडून आलेल्या सहा-सहा गुणसूत्रांना जुळणारी जोडी नाही. मग काही झाडांत पेशींच्या विभाजनातल्या चुकीने 12ची 24 झाली आणि प्रत्येक गुणसूत्राला हुबेहूब सोबती मिळाला. फुलात परागही आणि बीजांडही, त्यामुळे परक्या जोडीदारावाचून अडत नाही. अशा दोन नव्या प्रजातींची नोंद 1950 साली झाली.

उभी राहिलेली भिंत टिकतेच असंही नाही. पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात सिक्लिड नावाच्या माशांच्या माद्या नराचा रंग पाहून जोडीदार निवडतात: कुणाला निळा हवा, कुणाला लाल. शेतातली माती आणि सांडपाणी येऊन काही ठिकाणी पाणी गढूळ झालं आणि तिथे रंगच धड दिसेनासे झाले. आता त्या गढूळ पाण्यात ना धड निळे, ना धड लाल असे मासे पोहताना सापडतात.